पर्यटन, वनशास्त्र की उद्यानविद्या? वसमतच्या बारावी पास मुलामुलींसाठी कोणती पदवी कुठे नेते

वसमतचं नाव काढलं की आधी आठवते हळद. 2024 मध्ये 'वसमत हळदी'ला भौगोलिक मानांकन मिळालं. पण याच परिसरात औंढा नागनाथचं ज्योतिर्लिंग आहे, संत नामदेवांचं नर्सी आहे, पूर्णा नदीवरची येलदरी आणि सिद्धेश्वर धरणं आहेत. शेजारच्या नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात देशभरातून भाविक येतात. म्हणजे पर्यटक आहेत, पाणी आहे, शेती आहे. हे सगळं सांभाळायला शिकलेली माणसं लागतात. मग हे शिक्षण मिळतं कुठे?

हा विषय नेमका काय आहे?

अमेरिकेत 1872 साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे तिथल्या विद्यापीठांत उद्यानं, मनोरंजन, पर्यटन आणि नैसर्गिक संसाधनं हे विषय एकाच विभागात शिकवले जाऊ लागले. जंगलात किती माणसं सोडायची, वाट कुठून काढायची, कचऱ्याचं काय करायचं, गावकऱ्यांना उत्पन्न कसं मिळेल, अशा प्रश्नांचा हा अभ्यास.

आपल्याकडे हा विषय वेगवेगळ्या वाटांनी वाढला. डेहराडूनला 1878 मध्ये वनशिक्षणाची शाळा सुरू झाली, ती वनाधिकारी घडवण्यासाठी. पर्यटनाचं शिक्षण मात्र व्यवस्थापनाच्या अंगाने आलं. त्यामुळे आजही वनशास्त्र कृषी विद्यापीठात, पर्यटन व्यवस्थापन शाखेत आणि पर्यावरणशास्त्र विज्ञान शाखेत सापडतं. एकाच नावाची पदवी शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

वाट पहिली: वनशास्त्र आणि उद्यानविद्या

वनशास्त्राची बी.एस्सी. (ऑनर्स) ही चार वर्षांची पदवी आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ती शिकवली जाते. वसमत पूर्णा–अकोला रेल्वेमार्गावर असल्याने अकोला गाठणं सोपं आहे. बाग, नर्सरी आणि सार्वजनिक उद्यानांत रस असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातली उद्यानविद्या बघा. या प्रवेशांसाठी बारावी विज्ञान आणि राज्याची सीईटी लागते.

वाट दुसरी: साधी बी.एस्सी.

घरापासून लांब जाणं प्रत्येकाला परवडत नाही. वसमत परिसरातली महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. 1994 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूर असं आहे. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन केलेली बी.एस्सी. पुढे बरीच दारं उघडते. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एम.एस्सी. करता येते, तिथल्याच वन संशोधन संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घेता येतं किंवा भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत जाता येतं. त्यासाठी देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षा द्याव्या लागतात.

वाट तिसरी: पर्यटन

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतली भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था 1983 पासून आहे. मुख्यालय ग्वाल्हेरला. इथे पर्यटनाचं बीबीए आणि एमबीए होतं. याच संस्थेची गोव्यातली जलक्रीडा संस्था जीवरक्षक आणि बोटचालकांना प्रशिक्षण देते. कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही पर्यटनाची वाट खुली आहे. घर आणि शेती सोडणं शक्य नसेल तर इग्नूमधून दूरशिक्षणाने पर्यटन शिकता येतं.

इथेच अनेकांची चूक होते

'मला जंगलात नोकरी करायची आहे' म्हणून कुणी पर्यटनाला किंवा बी.ए.ला प्रवेश घेतं आणि तीन वर्षांनी कळतं की अर्जच भरता येत नाही.

यूपीएससीच्या भारतीय वन सेवा परीक्षेसाठी पदवीत पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय लागतो. नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत पर्यटन नाही, भूगोल नाही आणि पर्यावरणशास्त्रही नाही. त्यामुळे पर्यावरणशास्त्र घ्यायचंच असेल तर सोबत वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र ठेवा. शिवाय चालण्याची चाचणी असते: चार तासांत पुरुषांना 25 किलोमीटर, महिलांना 14 किलोमीटर.

राज्याच्या वनसेवेतल्या पदांसाठी एमपीएससीच्या जाहिरातीत पात्र पदव्यांची यादी असते. प्रवेश घेण्याआधी मागच्या भरतीची जाहिरात काढून ती यादी वाचा. वनरक्षक पदाला मात्र पदवी लागत नाही. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय असला तरी चालतं. म्हणजे कला शाखेत भूगोल घेतलेल्या मुलीलाही हे दार उघडं आहे.

शिकून परत गावात काय?

सगळ्यांनीच नोकरी करावी असं नाही. महाराष्ट्राने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. त्यानुसार स्वतःची किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन विभागाकडे केंद्राची नोंदणी करता येते. बारामती भागात शेतकऱ्यांनी अशी केंद्रं चालवून दाखवली आहेत.

वसमतला यासाठी आयता विषय आहे. हळदीची काढणी, कंद शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं हे शहरातल्या माणसाने कधी पाहिलेलं नसतं. औंढ्याला दर्शनाला आलेली गाडी दोन तास शेतावर थांबली, तर हळकुंडं बांधापाशीच विकली जातील. पण त्यासाठी पाहुण्यांची सोय, स्वच्छतागृह, दर ठरवणं आणि हिशेब शिकावा लागतो. पर्यटनाच्या अभ्यासक्रमात नेमकं हेच असतं.

फी भरण्याआधी चार प्रश्न विचारा

1. पदवी कोणतं विद्यापीठ देणार? त्याला यूजीसीची मान्यता आहे का?
2. ही पदवी आहे की पदविका? पदविकेवर पदवीच्या पात्रतेची परीक्षा देता येत नाही.
3. प्रत्यक्ष काम किती महिने आणि कुठे करायला मिळेल?
4. मला ज्या पदासाठी अर्ज करायचा आहे, त्याच्या जाहिरातीत या पदवीचं नाव आहे का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर माहितीपत्रक कितीही रंगीत असलं तरी पुन्हा विचार करा. तुमच्या ओळखीत यंदा बारावीला कुणी असेल, तर प्रवेश सुरू होण्याआधी ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचवा.