वृद्धाश्रमात इजा झाली, तर भरपाई कोणाकडे मागावी?

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतील असंख्य कुटुंबांचे एक पाऊल गावात, तर दुसरे मुंबईत असते. भाजीबाजार आणि माथाडी कामाच्या निमित्ताने गेलेल्या पिढीची मुले-नातवंडे आता ठाणे, घाटकोपर, नवी मुंबई येथे स्थिरावली आहेत. गावच्या घरात राहिलेले आई-वडील थकले, की एकतर त्यांना शहरातील दोन खोल्यांत आणावे लागते, अथवा शुल्क घेऊन सांभाळ करणाऱ्या एखाद्या संस्थेत ठेवावे लागते. दरमहा पैसे बँकेतून जातात. भेट मात्र दिवाळीला आणि गावच्या यात्रेला होते. या अंतरामुळेच संस्थेत काही वावगे घडल्यास कुटुंबाला ते उशिरा कळते, आणि कळते तेव्हा पुरावा बहुधा हाताबाहेर गेलेला असतो.

उदाहरणादाखल एक प्रसंग कल्पिता येईल. ऐंशी वर्षांच्या आजींना चक्कर येत असल्याचे प्रवेशाच्या वेळी लेखी कळविलेले आहे. रात्रपाळीला एकच मावशी आहे. पहाटे ओल्या न्हाणीघरात आजी पडतात आणि खुब्याचे हाड मोडते. दोन दिवस त्यांना वेदनाशामक गोळ्यांवर ठेवले जाते आणि तिसऱ्या दिवशी मुलाला दूरध्वनी येतो, ‘जरा लागलंय, येऊन जा.’ शस्त्रक्रियेचा खर्च मुलगा करतो. संस्थेचे उत्तर तयार असते: वय झाले की माणूस पडतोच.

हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. वृद्ध व्यक्ती पडली, एवढ्यावरून संस्था दोषी ठरत नाही. संस्थेने सांभाळाची जबाबदारी स्वीकारली होती, त्या जबाबदारीत ती उणी पडली आणि त्यामुळेच इजा झाली वा वाढली, या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. वरील प्रसंगात चक्कर येते हे माहीत असणे, न्हाणीघरात आधाराची दांडी नसणे आणि दोन दिवस डॉक्टरांना न दाखविणे हे मुद्दे वयाच्या सबबीपलीकडचे आहेत. शय्याव्रणांचेही तसेच. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीची कूस वेळोवेळी बदलली जात नसेल, तर पाठीवर, माकडहाडाजवळ जखमा होतात. खोल गेलेल्या जखमा एका रात्रीत होत नाहीत. त्यामुळे आधीच्या दिवसांत पाठ कोणी पाहिली होती काय, हा प्रश्न विचारता येतो.

पुण्याचा एक जुना निवाडा

शुल्क घेऊन शुश्रूषा करणाऱ्याची जबाबदारी किती, याचा मूलभूत विचार सर्वोच्च न्यायालयाने ज्या खटल्यात केला, तो पुण्याचाच आहे. मे १९५३ मध्ये कोकणात पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर अपघात होऊन डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले यांच्या तरुण मुलाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्यात डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी यांच्या रुग्णालयात आणण्यात आले आणि ९ मे रोजी तेथेच त्याचा मृत्यू झाला. पूर्ण भूल न देता, अवाजवी जोर लावून हाड बसविल्याने मुलाला जबर धक्का बसला, असे वडिलांचे म्हणणे होते. ते कनिष्ठ न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंत मान्य झाले आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचे अपील फेटाळले. रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणते उपचार करावेत आणि ते कसे करावेत, या तिन्ही टप्प्यांवर वाजवी काळजी घेणे बंधनकारक आहे, असे न्यायालयाने सांगितले. भरपाई मिळाली ३ हजार रुपये, घटनेनंतर १५ वर्षांनी. फिर्यादी स्वतः वैद्यकीय व्यावसायिक होते, ही बाबही येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सामान्य कुटुंबाला एवढा लढा झेपला असता काय, हे सांगणे कठीण.

हा मार्ग काहीसा सुकर झाला तो ग्राहक कायद्यामुळे. वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या प्रकरणात झाला. तो रुग्णालयांबाबत असला, तरी मोबदला घेऊन दिलेल्या सांभाळाच्या सेवेलाही त्यामागील तत्त्व लागू पडते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘त्रुटी’ची व्याख्या विस्तारली. ग्राहकाला हानी पोहोचविणारा निष्काळजीपणा तर तीत आहेच, शिवाय संबंधित माहिती हेतुपुरस्सर दडविणे हीदेखील त्रुटीच मानली आहे. म्हणजेच आजी पडल्याचे मुद्दाम तीन दिवस लपविले गेले असेल, तर तो तक्रारीचा स्वतंत्र मुद्दा होतो.

शुल्क मुलगा भरतो आणि सेवा आई घेते, मग ग्राहक कोण? कायद्यानुसार दोघेही. आईचे निधन झाल्यास वारसांना तक्रार करता येते. मात्र सेवा पूर्णतः विनामूल्य असेल, तर ग्राहक आयोगाचे दार बंद होते. येथे एक बारकावा आहे. शांता निवाड्यानुसार, जी संस्था काहींकडून पैसे घेते आणि काहींना मोफत ठेवते, तेथील मोफत लाभार्थीही ग्राहक ठरतात. कोणाकडूनच पैसे न घेणाऱ्या धर्मादाय अथवा शासकीय आश्रमाविरुद्ध दिवाणी न्यायालयातच दावा करावा लागतो. आणि शासन प्रतिवादी असल्यास आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

पहिल्या आठवड्यातील कागद

दाव्याचे भवितव्य वकिलाच्या युक्तिवादापेक्षा पहिल्या आठवड्यात हाती आलेल्या कागदांवर अधिक ठरते. इजा कळताच ज्येष्ठाला मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा नारायणगाव, जुन्नर, घोडेगाव येथील ग्रामीण रुग्णालयांपैकी जे जवळ असेल तेथे नेऊन तपासणी करून घ्यावी. इजा कशी झाली हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि प्रकरणाची वैद्यकीय-न्यायिक नोंद, म्हणजे नेहमीच्या भाषेत ‘एमएलसी’, करण्यास सांगावे. जखमांची छायाचित्रे तारखेसह काढावीत. त्याच दिवशी संस्थेला स्पीड पोस्टाने पत्र पाठवून दैनंदिन नोंदवही, औषधांची नोंद, त्या रात्रीच्या कर्मचाऱ्यांची हजेरी व सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याची व त्यांच्या प्रती देण्याची मागणी करावी. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून ही घाई. रुग्णालयाकडून उपचारांची कागदपत्रे मागणीनंतर ७२ तासांत मिळावयास हवीत, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. वृद्धाश्रमाला तसा नियम सरसकट लागू नसल्याने तेथे लेखी मागणीचे महत्त्व अधिकच.

शुल्काच्या पावत्या, बँकेचा उतारा, माहितीपत्रक आणि प्रवेशाचा अर्ज हे जुने कागदही शोधून ठेवावेत. ‘चोवीस तास परिचारिका’ असे माहितीपत्रकात छापले असेल आणि रात्री एकच मावशी असेल, तर तो छापील कागदच संस्थेविरुद्ध बोलतो. प्रवेश अर्जात ‘इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही’ अशी ओळ बहुधा असते. ती वाचून अनेक कुटुंबे माघार घेतात. अशा ओळीमुळे त्रुटीची तक्रार आपोआप निकालात निघत नाही. त्याचप्रमाणे आजारी वा दुर्बल व्यक्तींना ठेवून उपचार व शुश्रूषा करणारी जागा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली येऊ शकते. संस्थेची तशी नोंदणी आहे काय, हे माहितीच्या अधिकारात विचारावे.

कोठे जावे, कोठे जाऊ नये

ज्येष्ठ नागरिकांची तक्रार म्हटले, की अनेक जण मंचर येथील जुन्नर-आंबेगाव उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे वळतात. तथापि २००७ च्या कायद्यान्वये तेथील न्यायाधिकरण मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवून देते. वृद्धाश्रमाकडून भरपाई नव्हे. धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय न्यासाच्या कारभाराची चौकशी करू शकते, परंतु इजेचे पैसे देववू शकत नाही. पोलिसांत तक्रार जरूर करावी. जिवास धोका पोहोचविणाऱ्या निष्काळजीपणाने इजा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे. पंचनामा आणि जबाब पुढे उपयोगी पडतात. पण भरपाईसाठी फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसणे महागात पडते, कारण ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोनच वर्षांची आहे.

पुणे जिल्हा ग्राहक आयोग जुन्नरहून सुमारे ९० किलोमीटरवर आहे. पूर्वी तक्रार प्रामुख्याने संस्था जेथे असेल वा घटना जेथे घडली असेल, तेथेच करावी लागे. २० जुलै २०२० पासून तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडेही दाद मागता येते. ठाण्यात राहणारा मुलगा ठाण्यातच तक्रार दाखल करू शकतो. दूरदृश्य प्रणालीने सुनावणीची विनंतीही करता येते. कोणत्या आयोगाकडे जावे, हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर सेवेसाठी दिलेल्या रकमेवर ठरते. ती ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोग. आणि ५ लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्कच नाही. दरमहा १५ हजार रुपये भरणाऱ्याचे वर्षाला १ लाख ८० हजार होतात, म्हणजे बहुतेक कुटुंबे या शुल्कमाफीत बसतात. वकील लावणे सक्तीचे नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या क्रमांकावर प्राथमिक मार्गदर्शन मिळते.

मागणी मोघम नसावी. शस्त्रक्रिया, औषधे, नंतर ठेवावी लागलेली आया, प्रवास, पुढील उपचार आणि सोसलेल्या वेदना यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा. ज्येष्ठांना कमाई नसल्याने बुडालेल्या उत्पन्नाचा मुद्दा क्वचितच लागू होतो, म्हणून वेदना आणि परावलंबन यांवर भर द्यावा लागतो. आधाराची दांडी नसणे यांसारख्या उघड बाबींसाठी तज्ज्ञ डॉक्टरांची साक्ष प्रत्येक वेळी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. औषधांच्या चुकीसारख्या गुंतागुंतीच्या प्रकरणांत मात्र तज्ज्ञांचे मत घ्यावे.

दिवाणी दाव्यास इजेनंतर सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. मृत्यू झाल्यास १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखालील दावा मृत्यूपासून दोन वर्षांत करावा लागतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जुन्नर किंवा घोडेगाव न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

आयोगाची नोटीस मिळाल्यावर संस्थेला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही मर्यादा वाढविता येणार नाही, असे ठरविले. निकाल तीन महिन्यांत द्यावा, असे कायदा म्हणतो. व्यवहारात त्याहून बराच काळ जातो. निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. मात्र ते संस्थेने करावयाचे झाल्यास देय रकमेच्या निम्मी रक्कम तिला आधी भरावी लागते.