गडगा: चुना नाही, सिमेंट नाही, तरी उभा

श्रावणातल्या पावसात बागेच्या खालच्या अंगाचा गडगा बारा हात ढासळला. भातकापणी उरकली, आता रचायला घेतलाय. दगड हाताळताना जे आठवलं, ते लिहून ठेवतो.

देशावरच्या मित्रांसाठी आधी सांगतो. गडगा म्हणजे नुसते दगड एकमेकांवर रचून केलेलं कुंपण. मध्ये माती नाही, चुना नाही. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात पाणंदीच्या दोन्ही बाजूंना हेच दिसतं.

दगड जांभा. फ्रान्सिस बुकानन या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने मलबारात लोकांना तो मऊ असताना विटांसारखा कापताना पाहिलं. हवा लागली की तो कडक होतो. लॅटिनमध्ये वीट म्हणजे ‘लेटर’, म्हणून १८०७ साली त्याने याला ‘लॅटराइट’ म्हटलं. आपला चिरा तो हाच. पण चिरा घराला. गडग्याला कोण विकत आणणार? वरकस जमीन साफ करताना निघतात ते सुटे धोंडे गडग्याला. जमीनही मोकळी, कुंपणही तयार.

कुंपण हवं कशाला? तर भात घरात आलं की गुरं मोकाट सोडायची आमच्याकडची जुनी रीत. सगळ्यांचीच गुरं सगळ्यांच्याच शेतात. मग ज्याला परसातली भाजी, आंब्या-काजूची रोपं राखायची, त्याने गडगा घालायचा. शेजाऱ्याशी भांडण म्हणून नव्हे, गुरांची सोय म्हणून.

आमच्या बागेत दोन गडगे आहेत, दोन्ही आजोबांच्या हातचे. खालचा खोतीच्या काळातला, जमीन दुसऱ्याची होती तेव्हाचा. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १ एप्रिल १९५७ पासून कूळकायद्याने कसणारा मालक झाला. वरचा गडगा त्यानंतरचा. खालच्यात हाताला लागतील ते बारके दगड. वरच्यात दोन माणसांनी उचलावे असे धोंडे, आणि त्यातला एकही अजून हललेला नाही. वडील म्हणायचे, “दुसऱ्याच्या जमिनीत कोण पाठ मोडून घेईल रे?” ढासळला तो अर्थातच खालचा.

नंतर १९९० च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग योजना आली. वरकसावर कलमं लागली आणि गावात बऱ्याच वर्षांनी नवे गडगे उभे राहिले.

आता रचायचं कसं. पाया रुंद, वर निमुळता. दोन बाजूंना दोन तोंडं लावत जायची, पोटात बारीक चिपा ठासायच्या. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड बसला पाहिजे. सांध्यावर सांधा आला की पोट सुटलंच म्हणून समजा. मधूनमधून एक लांब दगड आडवा, दोन्ही तोंडांना बांधणारा. शेवटी माथ्यावर जड धोंडे. दगड एकदा उचलला की त्याची जागा सापडेपर्यंत खाली ठेवायचा नाही, हा आजोबांचा नियम. माझ्याकडून अजून पाळला जात नाही.

चार वर्षांपूर्वी मी शहाणपणा केला. बाजूचा गडगा मोडून चिरा-सिमेंटची भिंत घातली. पाणी जायला भोकं ठेवली नाहीत. चूक माझीच. दुसऱ्याच पावसात मागची माती फुगली आणि भिंत अख्खी आडवी झाली. गडग्यातून पाणी वाट काढतं, माती मागे राहते. पडला तरी चार-बारा हात पडतो, आणि त्याच दगडांनी परत उभा राहतो. सिमेंट लागलेले चिरे मात्र अजून तसेच पडून आहेत.

२०१८ साली युनेस्कोने क्रोएशिया, ग्रीस, इटली, स्पेन अशा आठ देशांतली बिनचुन्याच्या दगडी रचाईची कला मानवजातीच्या वारशात नोंदवली. वाचून बरं वाटलं. पण आमच्या वाडीत गडगा रचणारे आता दोनच हात उरलेत, तेही सत्तरीचे. त्या काकांना खुर्चीवर बसवलंय. ते काठीने दगड दाखवतात, मी उचलतो, मुलगा चिपा देतो.

बारा हातांपैकी सात झाले. काल काकांनी त्यातले दोन परत उतरवायला लावले. सांध्यावर सांधा आला होता.

तुमच्याकडे याला काय म्हणतात, आणि रचणारं कोण उरलंय, ते जरूर सांगा.