दुर्बोध क्लासनावे (सीएसएस)

दुर्बोध क्लासनावे म्हणजे मोठ्या संकेतस्थळांच्या एचटीएमएलमध्ये आढळणारी, अक्षरे व अंक यांच्या निरर्थक भासणाऱ्या जुळणीतून बनलेली सीएसएस क्लासची नावे. ती सहसा हाताने लिहिलेली नसतात. संकेतस्थळ प्रसिद्ध करण्यापूर्वी चालवली जाणारी साधने ती तयार करतात. माहिती दडवण्यासाठी ती वापरतात, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. पान रंगवण्यासाठी ब्राउझरला सीएसएसचे नियम मिळावेच लागतात. त्यामुळे ते वाचकापासून लपवता येत नाहीत.

पार्श्वभूमी

सीएसएसमध्ये क्लासनावाची व्याप्ती संपूर्ण पानभर असते. 'शीर्षक' हे एकच नाव दोन विकसकांनी निरनिराळ्या घटकांना दिल्यास दोघांचे नियम एकमेकांत मिसळतात. शेकडो विकसकांच्या प्रकल्पात हे टाळणे अवघड होते. फेसबुकमधील अभियंते ख्रिस्तोफर शेडो यांनी २०१४ मधील एका व्याख्यानात या व अशा इतर अडचणी मांडल्या. पुढे सीएसएस मॉड्यूल्ससारख्या साधनांमुळे नावाला हॅश जोडून ते अनन्य करण्याची पद्धत रूढ झाली.

२०२० मध्ये नव्याने बांधलेल्या फेसबुकच्या संकेतस्थळाने याहून वेगळा मार्ग घेतला. तेथे गुणधर्म व त्याचे मूल्य या प्रत्येक जोडीला स्वतंत्र क्लास मिळतो. तीच जोडी हजार ठिकाणी वापरली, तरी नियम एकदाच लिहिला जातो. यामुळे मुखपृष्ठाची सीएसएस ८० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. यामागील स्टाइलएक्स हे साधन डिसेंबर २०२३ मध्ये मुक्त स्रोत झाले.

वाचन

अशा पानावर एका बटणालाही दहा-वीस क्लास असू शकतात. नावांचा अर्थ शोधणे व्यर्थ असते. ब्राउझरच्या विकसक साधनांत तो घटक निवडल्यास प्रत्येक क्लासचा नियम आणि अखेरीस लागू झालेले मूल्य दिसते.

परिणाम

नावे बदलली की त्यांवर विसंबलेले जाहिरातरोधक आणि वापरकर्त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेल्या शैली निकामी होतात. मोठी अक्षरे किंवा गडद पार्श्वभूमी हवी असणाऱ्यांना याचा विशेष त्रास होतो. भूमिका व लेबल दर्शवणारी एआरआयए गुणविशेषणे तुलनेने स्थिर असतात. मात्र लेबल भाषेनुसार बदलते, म्हणून इंग्रजी लेबलावर बेतलेला नियम मराठी आवृत्तीत चालत नाही.

हेतुपुरस्सर दुर्बोधताही आढळते. फेसबुकने जाहिरातींवरील 'प्रायोजित' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे वेगवेगळ्या घटकांत विखुरून त्यांत न दिसणारी अक्षरे मिसळली होती. वाचकाला शब्द अखंड दिसे. जाहिराती ओळखणाऱ्या साधनांना मात्र तो सापडत नसे.