जठर राखण्याचा इतिहास

१८८१ च्या जानेवारीत व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी जठराचा कर्कग्रस्त भाग छेदून रुग्णाला जगविले, तेव्हापासून जवळजवळ शतकभर उदर उघडून जठराचा मोठा हिस्सा काढून टाकणे हाच या व्याधीवरील राजमार्ग मानला गेला; आणि व्याधी बहुधा उशिराच ध्यानी येत असल्यामुळे त्याबद्दल शल्यविशारदांना बोल लावणे अन्यायाचे होईल.

हा रोग जेथे फार बोकाळला होता त्या जपानात, १९५० च्या सुमारास, टोकियोचे डॉक्टर ऊजी आणि ऑलिंपस कंपनीचे अभियंते यांनी रुग्णाला गिळता येईल असा चिमुकला कॅमेरा सिद्ध केला. पुढे १९६२ साली तेथील अंतर्दर्शन-तज्ज्ञांच्या संस्थेने श्लेष्मल पडदा व त्याखालचा स्तर यांपलीकडे न गेलेल्या कर्काला ‘प्रारंभिक’ ठरविले, आणि दुर्बिणीतून तो ओळखण्याची दृष्टी पिढीगणिक तयार होत गेली.

दिसला तो दुर्बिणीतूनच काढावा, ही पुढची पायरी. १९८४ मध्ये तादा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पडद्याखाली द्रव टोचून तो उचलण्याची व तारेच्या फाशाने छेदण्याची रीत प्रसिद्ध केली. परंतु फाशात न मावणारी गाठ तुकड्यातुकड्यांनी निघे, आणि मुळासकट निघाली की नाही याचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखाली होणे दुष्कर होई. शतक सरताना टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात टोकाला चिनीमातीची गोळी बसविलेली विद्युत्-सुरी आली. त्या गोळीमुळे जठराच्या भिंतीला छिद्र पडण्याचा धोका घटला आणि सबंध पापुद्रा अखंड सोडविता येऊ लागला.

तथापि इतके थोडेच कापण्याची मुभा दिली ती जुन्या दप्तराने, आणि त्या दप्तराला मी सुरीहून वरचा मान देतो. गोतोदा व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेने जठर छेदलेल्या ५,२६५ रुग्णांच्या नोंदी तपासून २००० साली निष्कर्ष मांडले. त्यांत सुविभेदित, पडद्यापुरत्याच मर्यादित व ३० मिलिमीटरांहून लहान अशा १,२३० कर्कांपैकी एकही लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचलेला नव्हता. ज्यांची जठरे कापली गेली, त्यांच्याच नोंदींनी पुढच्यांची जठरे राखली. हे ऋण वैद्यकाच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहिले जावे, असे मला मनापासून वाटते.

२००६ साली जपानच्या आरोग्यविम्याने जठरातील पापुद्रा दुर्बिणीतून अखंड सोडविण्याच्या या उपचाराला मान्यता दिली, आणि २००८ साली, जिची भिंत अधिक पातळ व जिची शस्त्रक्रिया अधिक दारुण, त्या अन्ननलिकेच्या तशाच उपचारालाही.