स्पॅनिश शिकताय? आधी ‘मला आंबा आवडतो’ हे वाक्य नीट बघा

मोबाइलवर ॲप घ्यायचं, पहिल्या आठवड्यात ‘ओला’ आणि ‘ग्रासियास’ पाठ करायचं आणि व्याकरण सुरू झालं की ॲप उडवून टाकायचं. स्पॅनिश शिकायला निघालेल्या अनेकांची गाडी इथेच अडते. याचं एक कारण म्हणजे आपल्याकडे ही भाषा बहुतेकदा इंग्रजीतून शिकवली जाते. इंग्रजीला जे विचित्र वाटतं, ते मराठी माणूस लहानपणापासून बोलत असतो, पण हे त्याला कुणी सांगत नाही.

‘मला आंबा आवडतो’ हेच घ्या. इथे क्रियापद ‘मला’च्या नाही, आंब्याच्या मागे जातं. आंबे अनेक झाले की ‘आवडतात’. स्पॅनिशमध्येही तेच: ‘मे गुस्ता एल मांगो’ आणि ‘मे गुस्तान लोस मांगोस’. ‘मे’ म्हणजे मला. इंग्रजीतल्या ‘आय लाइक’वरून वाक्य रचणारा ‘यो गुस्तो’ म्हणून बसतो आणि फसतो.

दुसरी गंमत ‘ला’ प्रत्ययाची. आपण ‘घर बघतो’, पण ‘मारियाला बघतो’. घराला ‘ला’ लागत नाही, माणसाला लागतो. स्पॅनिशमध्ये ‘बेओ ला कासा’ म्हणजे मी घर बघतो, पण मारिया असली की मध्ये ‘आ’ येतो: ‘बेओ आ मारिया’.

लिंग दोनच, पण आपली नाहीत

मराठीत तीन लिंगं, स्पॅनिशमध्ये दोन. नपुंसकलिंगी नाम नाही. साधारणपणे ‘ओ’ने संपणारं नाम पुल्लिंगी, त्याआधी ‘एल’. ‘आ’ने संपणारं स्त्रीलिंगी, त्याआधी ‘ला’. अपवाद मात्र रोजच्या वापरातले आहेत: ‘एल प्रोब्लेमा’, ‘एल दिया’ (दिवस), ‘ला मानो’. मानो म्हणजे हात. तो मराठी हात, ती स्पॅनिश मानो! म्हणून शब्द ‘एल’ किंवा ‘ला’सकटच पाठ करावा.

विशेषण नामाप्रमाणे बदलतं, आपल्या पांढरा-पांढरीसारखं. फक्त ते सहसा नामाच्या नंतर येतं. घोडा ‘काबायो ब्लांको’, गाय ‘बाका ब्लांका’. मोरोक्कोतलं कासाब्लांका शहर आठवतंय? नावाचा अर्थ ‘पांढरं घर’.

क्रियापदाचं शेपूट

‘आब्लार’ म्हणजे बोलणे. मी ‘आब्लो’, तू ‘आब्लास’, तो किंवा ती ‘आब्ला’, आम्ही ‘आब्लामोस’. शेपटावरूनच कर्ता कळतो, त्यामुळे ‘मी’ म्हणायची गरज नसते. आपणही ‘उद्या येतो’ एवढंच म्हणतो की! उलट इथे स्पॅनिश सोपी आहे, कारण तो बोलतो आणि ती बोलते, दोघांना ‘आब्ला’च.

भूतकाळाच्या दोन रूपांना अनेक जण घाबरतात. ‘काल आंबा खाल्ला’ ही एकदा घडून संपलेली गोष्ट, तिथे ‘कोमी’. ‘लहानपणी आंबे खायचो’ ही सवय, तिथे ‘कोमिया’. खाल्ला आणि खायचो यांत ज्याची गल्लत होत नाही, त्याला निम्मा धडा आधीच येतो. पुढे ‘किएरो के बेंगास’सारखी वाक्यं येतात. अर्थ: तू यावंस, अशी माझी इच्छा आहे. ‘येतोस’ आणि ‘यावंस’ यांत आपण जो फरक करतो, तोच तिथे आहे.

खरी डोकेदुखी

‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं आहेत, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. इथे मराठी फारशी मदतीला येत नाही. ‘एस्तोय आबुर्रिदो’ म्हणजे मला कंटाळा आलाय. ‘सोय आबुर्रिदो’ म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे. पहिल्याच भेटीत दुसरं वाक्य बोललात, तर समोरचा कदाचित मानही डोलवेल.

कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार, असा नियम सर्रास सांगितला जातो. तो अर्धवट आहे. ताजमहाल आग्र्यातून कुठे जाणार नाही, तरी ‘एस्ता एन आग्रा’ असंच म्हणतात. मेलेल्या माणसालाही ‘एस्ता मुएर्तो’. त्यापेक्षा असं लक्षात ठेवा: ओळख, स्वभाव, गाव, व्यवसाय यांना सेर, अवस्था आणि ठिकाण यांना एस्तार. त्यातही पार्टी किंवा लग्न कुठे आहे हे सांगताना पुन्हा सेरच लागतं, कारण तो कार्यक्रम असतो, वस्तू नाही.