सरकीच्या तेलाचा माग

भोसरी-चाकण पट्ट्यात शिकवणाऱ्या शिक्षकाला ‘हीट नंबर’ हा शब्द आपोआप कळतो. माझ्या वर्गातल्या अनेक मुलांचे वडील फोर्जिंग, फाउंड्री किंवा मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहेत. भट्टीत एका वेळी वितळवलेल्या पोलादाला एक क्रमांक मिळतो आणि तो शेवटच्या भागापर्यंत सोबत जातो. भाग तुटला, तर भट्टी, पाळी आणि कच्चा माल कोणाचा, हे शोधता येते. दोष असलेल्या गाड्या परत बोलावण्याची ऐच्छिक संहिता वाहन उद्योगाने २०१२मध्ये स्वीकारली आणि २०२१पासून ते कायद्यात आले.

याच कामगारांच्या जेवणात जे तेल येते, त्याचा असा माग काढता येतो का? उत्तरासाठी कापसाचा गेल्या वीस-बावीस वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

वस्त्राचे पीक की अन्नाचे?

कापूस म्हटले की आपल्याला कापड आठवते. पण वेचलेल्या कापसात रुई वजनाने साधारण एक तृतीयांशच असते. बाकीचा बहुतेक भाग बियांचा. या बियांना मराठीत सरकी म्हणतात, उर्दूत बिनौला. सरकी गाळली की तेल निघते आणि पेंड उरते. पेंड गाई-म्हशींना जाते. तेल रिफाइन होऊन डब्यांत, फरसाणात, तळणात आणि मिश्र खाद्यतेलांत जाते. देशात दरवर्षी दहा लाख टनांहून जास्त सरकीचे तेल तयार होते. म्हणजे कापूस हे वस्त्राइतकेच अन्नाचेही पीक आहे. सरकारी भाषेने मात्र त्याला कायम वस्त्राच्या खान्यात ठेवले.

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जीईएसी समितीने जालन्याच्या महिकोच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक त्यात घातलेले होते. त्यामुळे झाडात बोंडअळीला मारणारे प्रथिन तयार होते. परवानगीच्या आधीच, २००१मध्ये, गुजरातेत ‘नवभारत १५१’ या विनापरवाना बीटी वाणाची लागवड हजारो एकरांवर उघडकीस आली होती. पुढे दहा-बारा वर्षांत देशातले नव्वद टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटीखाली गेले. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातली सरकी जवळपास सगळी बीटीची झाली.

बीटी वांग्याची वेळ आली, तेव्हा देशभर जनसुनावण्या झाल्या. त्यांतली एक नागपुरात होती. ९ फेब्रुवारी २०१० रोजी जयराम रमेश यांनी त्यावर स्थगिती जाहीर केली. ‘भारतात जीएम अन्नपीक नाही’ हे वाक्य तेव्हापासून ठरलेले उत्तर झाले. वांगे अडले, पण ते ज्या तेलात परतले जाते, त्यात बीटी सरकीचे तेल असू शकते, याबद्दल अशी सुनावणी झाली नाही.

प्रयोगशाळेची मर्यादा

तपासणी दोन प्रकारे होते. पहिली प्रथिनाची. पानाचा किंवा बीचा रस काढून पट्टीवर टाकला, की बीटी प्रथिन आहे की नाही ते काही मिनिटांत दिसते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने असे तपासणी संच तयार केले आणि नकली बियाण्याने फसणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांचा उपयोग झाला. दुसरी तपासणी डीएनएची. कॅरी मुलिस यांनी १९८३मध्ये शोधलेल्या पीसीआर पद्धतीने डीएनएचा अगदी छोटा तुकडाही कोट्यवधी पटींनी वाढवून ओळखता येतो.

पण सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्य असते. ते काढण्यासाठी तेलावर अल्कलीची प्रक्रिया करतात, मग रंग आणि वास घालवतात. या सगळ्यात डीएनए आणि प्रथिन जवळपास संपते. त्यामुळे रिफाइन्ड तेलाच्या नमुन्यात ‘जीएम आढळले नाही’ असा अहवाल आला, तरी त्यावरून ते तेल बीटी सरकीचे नाही असे म्हणता येत नाही. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या दिल्लीच्या संस्थेने २०१८मध्ये ६५ खाद्यपदार्थ तपासले, त्यांत ३२ टक्के जीएम निघाले. भारतात तयार झालेले जे सापडले, ते सरकीचे तेल होते. ज्यांत अंश उरला, तेच पकडले गेले, हे लक्षात घ्या.

कागदाची साखळी

प्रयोगशाळा जिथे थांबते, तिथे नोंदवही कामाला येते. सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेत फक्त जनावरांच्या खाद्यासाठी मंजूर झालेला ‘स्टारलिंक’ मका माणसांच्या टाको शेल्समध्ये सापडला आणि तीनशेहून अधिक उत्पादने परत बोलवावी लागली. युरोपीय संघाने २००३मध्ये नियमच केला: जीएम बियांपासून काढलेल्या तेलात डीएनए उरो न उरो, लेबल लावायचे आणि प्रत्येक व्यापाऱ्याने माल कोणाकडून घेतला, कोणाला दिला याची नोंद पाच वर्षे जपायची. २०२१मध्ये फ्रान्समध्ये तांदळाच्या पिठात अनधिकृत जीएम अंश सापडला, तेव्हा भारतातून गेलेल्या ५०० टन कणीपर्यंत माग पोहोचला आणि युरोपात काही चॉकलेटे परत मागवली गेली. आपल्या तांदळाचा माग परदेशी ग्राहकासाठी निघू शकतो, हे तेव्हा सिद्ध झाले.

आपल्याकडेही नियम आहेत. १ जानेवारी २०१३पासून जीएम अन्न असलेल्या पाकिटावर वरच्या बाजूला ‘जीएम’ छापणे बंधनकारक झाले. २०२०च्या आदेशाने आयात होणाऱ्या २४ पिकांना ‘जीएम नाही’ असे प्रमाणपत्र लागते, एक टक्क्यापर्यंत सूट आहे. पण ती यादी पिकांची आहे, तेलाची नाही. ऑगस्ट २०२१मध्ये तर कोंबडीखाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली. पेंडीत जिवंत बी नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. न्हावा शेवा बंदरातून माल आला आणि आपल्या सोयाबीन उत्पादकांनी भाव पडल्याची तक्रार केली.

सरकीच्या तेलाने अपाय होतो, असे मी म्हणत नाही. शेतकऱ्याने बीटी पेरू नये, असेही नाही. अकोल्याच्या अकोली जहांगीर गावात जून २०१९मध्ये शेतकरी संघटनेने बंदी मोडून तणनाशक-सहनशील कापूस पेरला, तेव्हा तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क मागितला होता. तसाच हक्क खाणाऱ्यालाही आहे आणि तो माहितीशिवाय वापरता येत नाही.

जिनिंगमधून निघालेल्या सरकीच्या पोत्याला वाणाची नोंद, तेल गिरणीत लॉट क्रमांक, डब्यावर दोन अक्षरे. एवढे झाले तरी पुष्कळ. एका बोल्टचा माग भट्टीपर्यंत काढणाऱ्या कामगाराला स्वतःच्या डब्यातल्या भाजीबद्दल एवढे तरी कळायला हवे.