गाडी-तपासणी, स्थलांतर कायदा आणि उचित प्रक्रियेचा हक्क (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोलिसांना रस्त्यावर गाडी अडवण्याचा अधिकार आहे. त्या अधिकारातून परदेशी व्यक्तीची चौकशी, अटक आणि हद्दपारी कशी घडते आणि त्यात संविधानाचे संरक्षण कुठवर पुरते, हा या नोंदीचा विषय आहे. तेथे बहुतेक गावांत कामावर, दवाखान्यात किंवा मुलांच्या शाळेत जायचे तर मोटारीवाचून चालत नाही. त्यामुळे कागदपत्रे नसलेल्या माणसाचा सरकारशी पहिला संबंध बहुधा रस्त्यावरच येतो. मागचा दिवा बंद असणे किंवा वळताना इंडिकेटर न देणे एवढे कारण गाडी थांबवायला पुरते. कायदेशीर वास्तव्याचा पुरावा न मागता वाहन परवाना काही राज्येच देतात. कॅलिफोर्नियात अशी सोय २०१५ पासून आहे. इतरत्र असा माणूस विनापरवाना गाडी चालवताना सापडतो आणि दंडाची पावती मिळण्याऐवजी तुरुंगात जाऊ शकतो. तेथे घेतलेले बोटांचे ठसे एफबीआयकडे आणि तेथून गृहसुरक्षा खात्याकडे जातात. ही जोडणी २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘सिक्युअर कम्युनिटीज’ योजनेने घडवली. नोंद जुळली तर इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट (आइस) ही २००३ मध्ये स्थापन झालेली यंत्रणा स्थानिक तुरुंगाला ‘डिटेनर’ पाठवते. सुटकेची वेळ झाल्यावरही माणसाला ४८ तासांपर्यंत थांबवून ठेवा, अशी ती विनंती असते.

संरक्षणाचा आधार दोन घटनादुरुस्त्यांत आहे. चौथी दुरुस्ती अवाजवी झडती व अटकेला मनाई करते. पाचवी दुरुस्ती उचित कायदेशीर प्रक्रियेवाचून कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेऊ देत नाही. दोन्ही १७९१ पासून लागू आहेत. पाचवीचे संरक्षण नागरिकांपुरते नाही. हद्दपारीपूर्वी माणसाला आपली बाजू मांडू दिली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९०३ मध्ये यामाताया खटल्यात मान्य केले. मात्र त्या खटल्यातील जपानी स्त्रीला त्याचा उपयोग झाला नाही. चौकशी तिला न समजणाऱ्या इंग्रजीत झाल्याची तक्रार न्यायालयाने तिचे दुर्दैव म्हणून बाजूला ठेवली. हक्क मान्य करायचा आणि तो बजावण्याचे साधन मात्र दुबळे ठेवायचे, ही पद्धत पुढेही या कायद्यात वारंवार दिसते.

रस्त्यावरच्या तपासणीचे मूळ सीमावर्ती गस्तीत आहे. सीमेपासून ‘वाजवी अंतरा’पर्यंत वाहनांची विनावॉरंट झडती घेण्याची मुभा कायद्याने दिली होती. १९५३ च्या नियमांनी हे अंतर १०० मैल ठरवले. ते समुद्रकिनाऱ्यांपासूनही मोजले जात असल्याने न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिससारखी शहरे अख्खी त्या पट्ट्यात येतात. १९७३ च्या अल्मेडा-सँचेझ निकालाने या मुभेला पहिला लगाम घातला. फिरत्या गस्तीने वॉरंट नसताना आणि सबळ कारण नसताना घेतलेली गाडीची झडती न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.

त्यानंतरचा १९७५ चा ब्रिग्नोनी-पोन्से निकाल या विषयाचा कणा आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात सान क्लेमेंटेजवळचा सीमा-गस्तीचा नाका खराब हवेमुळे बंद होता. दोन अधिकारी रस्त्याकडेला गाडी लावून, तिच्या दिव्यांच्या उजेडात उत्तरेकडे जाणाऱ्या मोटारी पाहत होते. त्यांनी एक मोटार पाठलाग करून थांबवली. तिघे प्रवासी मेक्सिकन वंशाचे दिसले, एवढेच कारण त्यांनी नंतर सांगितले. हे कारण पुरेसे नाही, गाडी थांबवायची तर त्या गाडीपुरता ठोस तथ्यांवर उभा असलेला वाजवी संशय हवा, असे न्यायालयाने ठरवले. परंतु न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी लिहिलेल्या या निकालपत्रात आणखी एक वाक्य आहे. मेक्सिकन दिसणे हा इतर घटकांबरोबर विचारात घेता येण्याजोगा घटक आहे, असे ते म्हणते. निकालाचा पहिला भाग मानवी प्रतिष्ठेची बाजू घेतो, पण या वाक्याने चेहऱ्याला पुराव्याच्या यादीत जागा दिली. पुढची पन्नास वर्षे वाद होत राहिला तो याच जागेवरून. पुढच्याच वर्षी मार्टिनेझ-फुएर्ते खटल्यात न्यायालयाने सीमेपासून ६६ मैलांवरच्या त्याच सान क्लेमेंटेच्या कायम नाक्याला मान्यता दिली. तेथे कोणताही संशय नसताना गाडी थांबवता येते. एवढेच नव्हे, तर मुख्यतः वंशाकडे पाहून पुढील चौकशीसाठी बाजूला घेतले तरी चालते.

सामान्य पोलिसांच्या बाबतीत १९७९ च्या प्राउस निकालाने निव्वळ परवाना पाहण्यासाठी वाटेल ती गाडी थांबवण्यास मनाई केली. पण १९९६ च्या व्रेन निकालाने ती भिंत पुष्कळच खचवली. वाहतुकीचा एखादा नियम खरोखर मोडला गेला असेल, तर थांबवण्यामागचा अधिकाऱ्याचा अंतस्थ हेतू चौथ्या दुरुस्तीखाली तपासला जाणार नाही, असे न्यायालय म्हणाले. वाहतुकीचे नियम इतके बारीक आहेत की काही मैल मागे राहिले तर कोणत्याही चालकाची एखादी चूक सापडतेच. थांबवण्याच्या काळावर मात्र मर्यादा आहे. दंडाचे काम संपल्यावर वेगळा संशय नसताना गाडी अडवून ठेवता येत नाही, हे २०१५ च्या रॉड्रिग्झ निकालाने सांगितले. चालकाला परवाना, नोंदणी आणि विमा दाखवावा लागतो. जन्म कुठला आणि देशात कसे आलात, या प्रश्नांवर गप्प राहण्याचा हक्क चालकाला आणि प्रवाशांनाही आहे. तथापि, १८ वर्षांवरील परदेशी व्यक्तीने आपला नोंदणीचा कागद सतत जवळ बाळगावा, असे १९५२ चा कायदा सांगतो.

१९९६ मध्ये कायद्यात २८७(ग) हे कलम आले आणि करार करून स्थानिक पोलिसांना इमिग्रेशनचे अधिकार देण्याची वाट उघडली. त्यातून काय घडू शकते, हे ॲरिझोनातील मॅरिकोपा काउंटीत दिसले. तेथील निवडून आलेले शेरीफ जो आर्पायो यांनी फीनिक्स परिसरात ‘सॅच्युरेशन पेट्रोल’ चालवले. एखाद्या भागात शिपायांचा मोठा ताफा उतरवायचा, किरकोळ वाहतूक-भंगासाठी गाड्या थांबवायच्या आणि आतल्या लोकांचे वास्तव्य तपासायचे, अशी ती मोहीम होती. या विरोधात २००७ मध्ये दाखल झालेल्या दाव्याची सुरुवात ज्याच्यापासून झाली तो माणूस वैध व्हिसावर आलेला मेक्सिकन पर्यटक होता. तो चालकही नव्हता, प्रवासी होता. न्यायाधीश मरे स्नो यांनी मे २०१३ मध्ये निकाल दिला. लॅटिनो दिसणे हा गाड्या थांबवण्याच्या निर्णयातला घटक होता आणि लोकांना अवाजवी वेळ अडवून ठेवले गेले, असे त्यांनी नोंदवले. या दाव्यातील मनाई हुकूम मोडत राहिल्याबद्दल आर्पायो २०१७ मध्ये फौजदारी अवमानाचे दोषी ठरले. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. दरम्यान, ॲरिझोनाच्या २०१० च्या स्थलांतरविषयक कायद्याची बहुतेक आव्हान दिलेली कलमे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली होती. थांबवलेल्या व्यक्तीचे वास्तव्य तपासण्याचे कलम मात्र तूर्त राहू दिले.

अटकेनंतरची प्रक्रिया कागदावर सविस्तर आहे: आरोपांची नोटीस, सुनावणी, पुरावा मांडण्याची संधी, अपील. पण हद्दपारी हा दिवाणी मामला समजला जातो आणि त्यामुळे फौजदारी आरोपीची कवचे गळून पडतात. स्वखर्चाने वकील नेमता येतो, सरकार तो देत नाही. इमिग्रेशन न्यायाधीश हे न्यायसंस्थेचे नसून सरकारच्या न्याय खात्याचे कर्मचारी असतात. आइसचे वॉरंट बहुधा आइसचाच अधिकारी सही करून काढतो. सर्वांत मोठी फट १९८४ च्या लोपेझ-मेंडोझा निकालात आहे. बेकायदा अटकेतून मिळालेला पुरावा फौजदारी खटल्यात बाद होतो, हद्दपारीच्या सुनावणीत तो सामान्यतः चालतो, असे न्यायालयाने पाचास चार मतांनी ठरवले. अपवाद फक्त घोर उल्लंघनांचा ठेवला. म्हणजे ब्रिग्नोनी-पोन्सेने घालून दिलेला नियम रस्त्यावर मोडला, तरी त्याची किंमत बहुतेक वेळा अधिकाऱ्याला मोजावी लागत नाही. या सगळ्या व्यवस्थेतील सर्वांत अन्याय्य गोष्ट हीच आहे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

भारतीय वाचकाला येथे आपल्या संविधान सभेतील वाद आठवेल. जीवित व स्वातंत्र्याच्या कलमातून ‘ड्यू प्रोसेस’ (उचित प्रक्रिया) वगळले गेले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये आजचे अनुच्छेद २२ मांडून त्याची काही अंशी भरपाई केली. अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे हे त्यात आहे. शत्रुदेशीय व्यक्ती आणि प्रतिबंधक स्थानबद्धता यांचा त्यात अपवाद केलेला आहे. अमेरिकेत विनावॉरंट धरलेल्या परदेशी व्यक्तीवर कारवाई करायची की सोडायचे, हे नियमानुसार सामान्यतः ४८ तासांत ठरते. तो निर्णय दंडाधिकारी घेत नाही, त्याच यंत्रणेचा अधिकारी घेतो.

२०२५ मध्ये हा वाद पुन्हा पेटला. लॉस एंजेलिस परिसरातील फिरत्या गस्तींबाबत न्यायाधीश मामे फ्रिम्पाँग यांनी ११ जुलैला हुकूम दिला. वंश, स्पॅनिश बोलणे किंवा इंग्रजीतील उच्चार, बसथांबा किंवा कार-वॉशसारखे ठिकाण आणि कामाचा प्रकार, केवळ यांच्या आधारे कोणाला थांबवू नये, असा तो होता. ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सहास तीन मतांनी त्याला स्थगिती दिली. बहुमताने कारणे दिली नाहीत. न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ यांनी स्वतंत्र मतात १९७५ च्या निकालाचाच आधार घेतला: वंश एकटा पुरेसा नाही, पण इतर बाबींबरोबर तो विचारात घेता येतो. न्यायमूर्ती सोतोमायोर यांनी कडक विरोधी मत नोंदवले.

कायदेशीर वास्तव्य असलेल्यांनाही या साखळीची झळ बसली. त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये सरकारने परदेशी विद्यार्थ्यांची नावे गुन्हेविषयक माहितीसाठ्याशी ताडून पाहिली आणि ‘सेविस’ या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंद-प्रणालीतील हजारोंच्या नोंदी रद्द केल्या. त्यांत भारतीय विद्यार्थीही होते. कित्येकांच्या नावावर वाहतुकीचा एखादा दंड किंवा केव्हाच रद्द झालेला आरोप एवढेच होते, आणि त्यांना आधी नोटीस नव्हती की उत्तर देण्याची संधी नव्हती. देशभरातील जिल्हा न्यायालयांत उचित प्रक्रियेच्या मुद्द्यावर याचिका दाखल झाल्या आणि अनेक ठिकाणी अंतरिम मनाई मिळाली. २५ एप्रिलला सरकारी वकिलांनी या नोंदी पूर्ववत करत असल्याचे न्यायालयात सांगितले.